अठरा आकडे

शाळेत नोकरी करणाऱ्यांचं आयुष्य जीआरवर चालतं. बदली, वेतननिश्चिती, संचमान्यता, पोषण आहार, सगळ्यांच्या मागे कुठला ना कुठला शासन निर्णय असतो. इथे रत्नागिरीत उर्दू शाळेतलं एखादं पद टिकणार की जाणार, हेही त्यातल्या एखाद्या ओळीवर ठरतं. म्हणून तो कागद वेळेवर सापडावा लागतो.

मध्यंतरी आमच्या एका सहकाऱ्यांच्या पेन्शनच्या कागदपत्रांसाठी काही वर्षांपूर्वीचा जीआर हवा होता. ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकलेली होती, ती उघडेना. नावाने शोधलं तरी मिळेना. त्याचं कारण उर्दू शिकवणाऱ्यांना ठाऊक असतं: मराठीत कुणी 'उर्दू' लिहितं, कुणी 'उर्दु', कुणी 'ऊर्दू'. माणसाला तिन्ही एकच वाटतात, पण कॉम्प्युटरला ते तीन वेगळे शब्द वाटू शकतात. शेवटी भाऊसाहेबांनी फाईलमधली झेरॉक्स काढली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "मॅडम, हा नंबर टाका." टाकला आणि जीआर समोर आला.

तो नंबर म्हणजे महाराष्ट्र शासनाचा संकेतांक. अठरा आकडे. पहिले आठ वर्ष, महिना आणि दिवसाचे, शेवटचे दोन विभागाचे. आमच्या शालेय शिक्षण विभागाचे २१. लिंक हा पत्ता असतो, बिऱ्हाड हललं की बदलतो. संकेतांक हे नाव आहे. आपण नाही का, आयतुल कुर्सी कुठे आहे असं विचारलं तर पान नंबर न सांगता २:२५५ सांगतो? छापा दिल्लीचा असो की मुंबईचा, वाचणारा नेमका तिथे पोहोचतो.

मात्र हे नाव नुसतं माणसाला कळून भागत नाही. भाऊसाहेबांना आजूबाजूचं वाक्य वाचून समजलं की हा संकेतांक आहे. मोबाईलवर काढलेल्या फोटोत तो यंत्राच्या दृष्टीने चित्राचाच एक भाग असतो.

संशोधन-लेखांसाठी डीओआय नावाचा असाच कायमचा क्रमांक असतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं आणि नोंद सुधारली, की तोच क्रमांक नव्या जागी नेतो. पण तिथे पोहोचल्यावर ब्राउझरमध्ये वरती दिसतो तो सध्याचा पत्ता, आणि लोक तोच कॉपी करतात. यावर २०१९ साली आरएफसी ८५७४ या दस्तऐवजात एक साधा उपाय मांडला गेला. वाचकाला न दिसणारी, पण यंत्राला वाचता येणारी एक 'साइट-ॲज' जोडणी पानासोबत द्यायची: माझा संदर्भ द्यायचा असेल तर हा कायमचा पत्ता घ्या. मग संदर्भ जमवणारं सॉफ्टवेअर योग्य तेच उचलू शकतं.

प्रत्येक जीआरला त्याच्या संकेतांकाचा कायमचा पत्ता असावा आणि त्यासोबत ही जोडणी असावी, असं मला वाटतं. त्यात खर्चापेक्षा शिस्त जास्त लागेल. आपल्या हातातलं काम तर आजही होण्यासारखं आहे. जीआरचा फोटो ग्रुपवर टाकताना खाली ते अठरा आकडे टाइप करा. पाच वर्षांनी कुणाची तरी पेन्शन त्यावाचून अडणार नाही.