कोराडीकर खाडीकाठी

आमच्या कोराडीत पाण्याचे प्रकार दोनच: देवीच्या देवळालगतचा तलाव आणि नळाला येणारं. भरती-ओहोटी हा विषय शाळेतल्या भूगोलाच्या पेपरपुरता. चढ म्हणाल तर उड्डाणपुलाचा. सकाळी छिंदवाडा रोडने सावनेरच्या बाजूला सायकल मारायची आणि परतताना वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या की घर आलं असं समजायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. अशा माणसांनी मुंबई ते पणजी समुद्रकाठाने सायकलवर जायचं ठरवलं, तेव्हा घरून प्रश्न आला तो एका शब्दाचा: ‘काहून?’

या प्रश्नाला तेव्हा धड उत्तर नव्हतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, नागपूरहून थेट मुंबईच्या दाराशी नेणारा. पण तिथे सायकलच काय, मोटारसायकललाही मज्जाव. म्हणून सायकली विदर्भ एक्सप्रेसच्या लगेज डब्यात टाकल्या आणि भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. सोबतीला वीज केंद्रात नोकरी करणारा मित्र. आयुष्यभर मेगावॅटमध्ये विचार केलेला माणूस. समुद्र बघून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘कूलिंगला कधी पाणी कमी नाही पडणार इथं.’

मांडव्याची रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. मोटारी, मोटारसायकली आणि आमच्यासारखे दोन चाकांचे फकीर, सगळ्यांना ती पोटात घेते आणि तासाभरात पलीकडे उतरवते. रस्त्याने पेणला वळसा घालून अलिबाग गाठायचं तर अख्खा दिवस ट्रकांच्या धुरात जातो. हा पहिला धडा: कोकणात सरळ जायचं असेल तर पाण्यातून जावं.

समुद्रकाठचा रस्ता म्हटलं की विदर्भातल्या माणसाला मरीन ड्राइव्ह आठवतो. उजव्या हाताला पाणी, रस्ता सपाट, वारा गार. कोकणाने हे चित्र दोन दिवसांत मोडून काढलं. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत इथे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. डोंगरातून निघालेली प्रत्येक नदी धावत येते आणि शेवटच्या टप्प्यात खाडी होऊन पसरते. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, वाघोटनची विजयदुर्ग खाडी. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उंच सपाट माथे, ज्यांना इथे सडा म्हणतात. म्हणजे सकाळी खाडीवरून सड्यावर चढायचं, उन्हात सडा ओलांडायचा, मग डोळे मिटावेत असा उतार उतरून पुढच्या खाडीवर यायचं. पलीकडच्या काठावर तोच खेळ पुन्हा. समुद्र रोज दिसतो, पण त्याच्यासाठी रोज चढ चढावा लागतो.

अलिबागला कान्होजी आंग्रेंच्या समाधीवर डोकं टेकून आम्ही निघालो. कुलाबा किल्ला ओहोटीला पायी जाण्यासारखा आणि भरतीला बेट. हा बदल डोळ्यांदेखत होतो, हेच आमच्यासाठी नवल. सोबत्याला मात्र नवल वाटलं ते चुंबकीय वेधशाळेचं. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडतील म्हणून ती इकडे हलवली, आणि १९०४ पासून इथे नोंदी होत आहेत. ‘म्हणजे विजेमुळे गाव सोडावं लागलेली ही पहिलीच दिसते,’ तो म्हणाला. कोराडी-खापरखेड्याच्या पट्ट्यात राखेचे बंधारे बघत वाढलेल्या माणसाने हे म्हणावं, यात थट्टा किती आणि खरं किती ते मी विचारलं नाही.

पुढे चौल-रेवदंडा. रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या बागांमधून पोर्तुगीज तटबंदीचे तुकडे अजून उभे आहेत, आणि एका शाळेच्या आवारात अफानासी निकितीनचं स्मारक आहे. व्होल्गाकाठच्या त्वेरचा हा व्यापारी १४६९च्या सुमाराला चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामाच्या कितीतरी आधी. विकायला एक घोडा आणला होता. तो जुन्नरच्या सुभेदाराने जप्त केला आणि मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. जिथे जाईन तिथे माणसं गोऱ्या माणसाला बघायला मागे लागतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हेल्मेट घातलेल्या दोन काळ्याढुस्स नागपूरकरांच्या मागेही रेवदंड्याची पोरं लागली होती, त्यामुळे निकितीनशी आमचं लगेच जमलं.

कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर आहे आणि त्याच्या पायथ्याच्या वाडीत आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली घराघरात बोलली जाते. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, बोली राहिली. काशीदची पुळण, फणसाडच्या जंगलाची सावली, मग मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. दार अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. तटाचा नुसता घेर दिसत राहतो आणि होडी एकदम वळली की दरवाजा समोर. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही न मिळालेला हा किल्ला सिद्दींकडे राहिला तो थेट १९४८ पर्यंत. समोर महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. तिथल्या तटाचे दगड लाटांनी झिजून खोल गेले आहेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र जाळीसारखा बाहेर उभा आहे. साडेतीनशे वर्षांत दगड हरला, चुना जिंकला. आमच्या सोबत्याने त्या चुन्याकडे ज्या आदराने पाहिलं तसा आदर तो साहेबांनाही दाखवत नाही.

आगरदांड्याहून फेरीबोटीवर चढून दिघीला उतरलं की दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता लागतो. इथे मात्र मनातलं चित्र खरं होतं. शेखाडी-आरावीच्या पट्ट्यात रस्ता आणि लाटा यांच्यात फक्त कठडा. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतो. नागपूरच्या मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा वारा ज्याने नाकाने ओढला आहे, त्याला वारा मदतही करू शकतो हे पटायला वेळ लागतो. घाम मात्र वाळत नाही. आमच्याकडचं ऊन भाजतं, इथलं उकडतं. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव; बाजारात मात्र चर्चा पेशव्यांची नाही, रोठ्याची. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे ढीग अंगणात वाळत पडलेले, आणि भाव विचारला तर म्हातारे आजोबा आधी तुम्ही खाणारे की विकणारे ते विचारतात.

बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्री ओलांडली की रायगड संपतो, रत्नागिरी सुरू होते. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव आता ओळखलं जातं ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने इथे अंडी राखायला सुरुवात केली, गावाने साथ दिली, आणि आता उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. बोली कोण लावतंय, होकार कोण देतंय, काही कळत नाही. भुवई हलते आणि टोपली दुसऱ्याची होते.

खाडी ओलांडायचं काम नीट बघायचं तर दाभोळला बघावं. जेटीकडे उतार इतका तीव्र की ब्रेक दाबून बोटं दुखतात. फेरीबोट येते तीच लोखंडी जबडा उघडा ठेवून. साखळ्यांचा खडखडाट होतो आणि फळी थेट धक्क्यावर आपटते. आधी पाण्याचा टँकर, मग टेम्पो, मग मोटारी उलट्या, म्हणजे पलीकडे सरळ निघता येतं. उरलेल्या फटींत मोटारसायकली, शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका. सायकलींना जागा कोपऱ्यात. खलाशी येऊन म्हणाला, ‘दादा, कठड्याला बांधा, मध्ये लाट लागते.’ सुतळीही त्यानेच दिली. ही दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. तिच्याआधी पलीकडे गाडी न्यायची तर चिपळूणला वळसा होता.

याच दाभोळहून निकितीनने परतीचं जहाज पकडलं होतं. तेव्हा हे बहामनींचं बडं बंदर होतं. आज धक्क्यामागे सतराव्या शतकातली देखणी मशीद तेवढी त्या वैभवाची साक्ष देते. आमचं लक्ष मात्र पलीकडच्या डोंगरावर. अंजनवेलचा वीज प्रकल्प. नाव ‘दाभोळ’, जागा गुहागर तालुक्यातली. एन्रॉनने आणलेला, १९९५ मध्ये राज्य सरकारने रद्द केलेला, पुन्हा सुरू झालेला, २००१ मध्ये बंद पडलेला आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅसच्या नावाने नव्याने उभा केलेला. क्षमता १९६७ मेगावॅट. सोबत्याने लगेच हिशोब मांडला: कोराडीचे नवे संच ६६० मेगावॅटचे तीन, म्हणजे १९८०. ‘जवळपास सारखेच. आमच्याकडे कोळसा जळतो, इथं गॅस मिळाला तर चालणार. राख मात्र यांच्याकडे नाही.’ यातला हेवा लपत नव्हता.

जयगडला तर त्याला कोळसाच समुद्रातून येताना दिसला. तवसाळहून फेरीने उतरलो तेव्हा बंदरात जहाज लागलेलं होतं. इथल्या १२०० मेगावॅटच्या केंद्राला परदेशातून कोळसा येतो. कोराडीत कोळसा म्हणजे खाणीतून रेल्वेने येणारी काळी वाघीण; तो जहाजातून येऊ शकतो हे ऐकून माहीत होतं, बघून खरं वाटलं. पुढे माडबनला दहा हजार मेगावॅटच्या आसपासचा अणुप्रकल्प कागदावर आहे आणि गावातल्या भिंतींवर त्याच्याविरुद्धच्या जुन्या घोषणांचा रंग उरला आहे. टपरीवर चहा पिताना एका शेतकऱ्याने विचारलं, ‘तुमच्याकडे वीजघर आलं तेव्हा लोक काय म्हणाले?’ सोबती म्हणाला, ‘नोकरी लागली ते चांगलं म्हणाले. राख आली ते अजून बोलून राहिले.’ शेतकरी हसला नाही.

मधल्या टप्प्यात रत्नागिरी. टिळकांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण थिबा राजवाड्यात उभं राहिलं की दूरदेशीपण कसं असतं ते कळतं. ब्रह्मदेशाचा राजा इंग्रजांनी उचलून आणून इथे ठेवला. १९१० मध्ये राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. आम्ही हौसेने आलो होतो आणि परतीचं तिकीट खिशात होतं. पुढे कशेळीजवळच्या सड्यावर तांबड्या कातळात भलामोठा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. कोणी, केव्हा, कशासाठी, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. विजयदुर्गावर दुसरीच तऱ्हा: ज्यांचं नाव हेलियमच्या शोधाशी जोडलं जातं ते नॉर्मन लॉकियर २२ जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण बघायला या किल्ल्यावर आले होते. त्यांच्या यंत्रांसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ अजून आहेत.

देवगड ओलांडलं की भाषा वळते. मालवणच्या अलीकडे एका घरगुती खानावळीत आम्ही जेवायला टेकलो. ताटात बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. तर्री-पोह्यावर पोसलेल्या जिभेला तिखटाची भीती नाही. नवल वाटलं ते सोलकढीचं. तिखट जिरवायला आम्ही पाणी पितो, हे लोक कोकम आणि नारळाचा रस पितात आणि वर पुन्हा वाढतात. वाढणाऱ्या काकूंनी विचारलं, ‘खंयसून इलास?’ नागपूर म्हटल्यावर त्यांनी सायकलींकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आवशीक सांगान इलास मां?’

मालवणसमोरचा सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात बांधला. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्यातलं पाणी ओंजळीने प्यायलो. वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष, शिरोड्यात १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाची आठवण, रेडीच्या खाणींची लाल धूळ. घरी कपड्यांवर राख बसते, इथे तांबडी माती. धुवायला दोन्ही सारख्याच हट्टी. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तरेला असूनही गोव्याचा. केरीच्या फेरीने उतरलो आणि हरमल-म्हापशावरून मांडवीकाठी पणजीत पोचलो. आदिलशाहाच्या जुन्या राजवाड्यासमोर सायकली टेकवल्या तेव्हा सोबती म्हणाला, ‘किती किलोमीटर झाले ते सोड. किती खाड्या झाल्या ते सांग.’

‘काहून?’ला हेच उत्तर आहे. कोकणातलं अंतर खाड्यांनी मोजायचं असतं आणि खाडीची वाट बघण्याइतका सवडीचा प्रवासी फक्त सायकलवाला असतो. मोटारीतला माणूस जेटीवर हॉर्न वाजवतो. सायकलवाला श्वास घेतो, पाणी पितो, शेजारच्या मासळीवालीशी बोलतो.

आता रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. अंतुल्यांच्या काळापासून बोलला जाणारा हा रस्ता एकदाचा मनावर घेतला गेला आहे. पूल झालेच पाहिजेत. रात्री बाळंतीण घेऊन फेरीची वाट बघणाऱ्या घराला आमच्यासारख्या हौशी लोकांचं काव्य काय उपयोगाचं? पण ज्याला फेरीबोटींचं कोकण बघायचं आहे त्याने फार उशीर करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. उत्तरेकडून दक्षिणेला जा, म्हणजे वारा तुमच्या बाजूने राहील. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा. आणि विदर्भातून निघणार असाल तर गिअरपेक्षा ब्रेक तपासून घ्या. कोकणाच्या चढावर उतरून चालता येतं, उतारावर ती सोय नाही.