पंधरा लाखांपर्यंत

2025 च्या सप्टेंबर महिन्यात एके सकाळी मी दाढी करीत असताना मला पंधरा लाख रुपये मंजूर झाले. मी ते मागितले नव्हते. ज्या बँकेत माझा पगार जमा होतो तिने 'अभिनंदन' या शब्दाने आरंभ करून, मोटार घेण्यासाठी मला पंधरा लाखांपर्यंत कर्ज पूर्वमंजूर झाल्याचे मोबाइलवर कळविले होते. मोटार नवी घ्या वा जुनी; कागदपत्रे नकोत, जामीन नको, मुदत फक्त महिनाअखेरची.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. दुसऱ्यांच्या अर्जांवर 'मागणी नियमात बसत नाही' असे लिहिण्यात माझी दहा वर्षे गेली. तेव्हा अर्जच नसताना मंजुरी येते ही गोष्ट माझ्यासारख्याला पचायला जड. सरकारकडूनही पूर्वी मोटारीसाठी अग्रिम मिळे. पण त्यासाठी अर्ज, शिफारस, गहाणखत असे सगळे सोपस्कार असत, आणि एवढे करून त्याची मर्यादा बेताचीच असे. 2016 साली सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी अमलात आल्या आणि तो अग्रिमही गेला. सरकारने हात आखडता घेतला तिथे बँकेने मूठ सैल सोडली, एवढेच.

कचेरीतल्या एका मित्राने मला या औदार्याचे रहस्य सांगितले. पगार किती, तो कोणत्या तारखेला येतो, पूर्वीचे हप्ते चुकले का, हे सारे यंत्राला ठाऊक असते. आणि त्यावरून प्रत्येकाला तीनशे ते नऊशेच्या दरम्यान गुण दिलेले असतात. माझे गुण 790 निघाले. दहावीपासून पदवीपर्यंत मला कोणी इतके गुण दिले नव्हते. दोन दिवस मी जरा ताठ मानेने चाललो, हे कबूल केले पाहिजे.

पत हा शब्द आमच्या घरात हलक्या आवाजात बोलला जाई. माझे गाव खेड तालुक्यात, चाकणपासून फार दूर नाही. मी पुण्याला महाविद्यालयात जायचे ठरले त्या वर्षी कांद्याने दगा दिला आणि आप्पांनी पतपेढीकडे पंधरा हजारांचे कर्ज मागितले. दोन जामीन हवे होते. पहिला मिळाला. दुसऱ्यासाठी आम्ही ज्यांच्या दारी गेलो त्यांच्या चपला ओट्यावर होत्या, पण त्यांच्या मंडळींनी आतूनच सांगितले, "ते खेडला गेलेत." आप्पांनी एकदा चपलांकडे पाहिले, "बरं, येतील तवा सांगा," म्हणाले आणि वळले. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पुढे आईच्या पाटल्यांनी ते काम केले. पंधरा हजार आणि पंधरा लाख! तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना याचे कारण हे असावे.

मी करोल बागेत गेलो. जुन्या मोटारींचा बाजार तिथे मोठा. कर्ज पंधरा लाखांचे म्हणजे एखादी लहानशी नवी गाडी आरामात आली असती. पण माणसाचे मन मर्यादेच्या टोकाशीच जाऊन बसते. 'पर्यंत' हे अव्यय मी रोज टिप्पणीत वापरतो. त्याच्यात एवढी ओढ असेल याची मला कल्पना नव्हती. दुकानदार प्रथम मला 'बाबूजी' म्हणत होता. मी मर्यादेचा आकडा सांगताच तो 'सर' म्हणू लागला आणि त्याने मला मागच्या रांगेत नेले. तिथे बीएमडब्ल्यू होत्या, ऑडी होत्या, आणि कडेला 2017 सालची एक पांढरी मर्सिडीज, सी-क्लास. नवी असताना तिची किंमत चाळीस लाखांच्या घरात होती. आता तो साडेपंधरा मागत होता.

एवढी स्वस्त का, हे मला दिल्लीत राहून ठाऊक असायला हवे होते. गाडी डिझेलची होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2015 च्या आदेशाने राजधानीच्या परिसरात डिझेलची गाडी दहा वर्षांपलीकडे चालवायची नाही असे ठरले, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. 2025 च्या जुलैत अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचाही प्रयोग झाला. तो काही दिवसांतच थांबवावा लागला. नियम आज सैल, उद्या घट्ट. अशा धास्तीने श्रीमंतांच्या गाड्या आठव्या वर्षीच बाजारात येतात आणि ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत नांदायला जातात. परप्रांतात बदली झालेल्या आपल्यासारख्यांना त्यांच्याविषयी थोडी आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे.

"माल अस्सल आहे," दुकानदार हिंदीत सांगत होता, "फक्त जर्मनीहून आलेली नाही. पुण्याकडे जोडलेली. चाकण म्हणून गाव आहे तिकडे."

चाकण म्हणून गाव आहे! मर्सिडीजचा तिथला कारखाना 2009 साली सुरू झाला तेव्हा मी विशीच्या उंबरठ्यावर होतो. ज्या बाजारात आप्पांनी जन्मभर कांद्याच्या गोण्या उतरवल्या त्याच्या भोवतालची शेते पाहता पाहता कारखान्यांखाली गेली. आमची राहिली, कारण ती कोणाला नकोच होती. मी गाडीत बसलो. दार मिटल्याचा आवाज असा आला, जणू देवघराचे दार कोणी हलकेच लोटले. पुसा रोडवर एक फेरी मारली. त्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात आप्पांना शेजारी बसवून गावच्या पारापाशी उतरलोसुद्धा, आणि ज्या ओट्यावर त्या चपला होत्या त्या घरावरून गाडी जरा सावकाश नेली.

रात्री हिशेब मांडला. बारा टक्के व्याज, सात वर्षे, मासिक हप्ता 26,479 रुपये. एकूण फेड 22 लाख 24 हजारांची. हप्ताच माझ्या हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर जात होता. शिवाय जुन्या उंची गाडीची एक खोड असते: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साडेपंधरा लाखांना घेतली तरी टायर, ब्रेक आणि दुरुस्ती चाळीस लाखांच्या मानानेच. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतला 18 वा नियमही आठवला. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली तर महिन्याभरात कचेरीला कळवावे लागते. ते पत्र माझ्याच शेजारच्या टेबलावर गेले असते. त्याच्या वरचाच नियम, 17 वा, सांगतो की सरकारी नोकराने सदैव कर्जबाजारी राहू नये. पत्नीने हिशेबाकडे पाहिलेही नाही. तिने एवढेच विचारले, "ठेवणार कुठे? खाली तर स्कूटरला जागा नाही."

तरीही मी मोबाइलवर गाडीचा फोटो आप्पांना पाठविला आणि फोन केला. कर्ज आपण होऊन मिळते आहे हे जरा ऐटीतच सांगितले.

"जामीन कोण ऱ्हायलं?" आप्पांनी विचारले.

"कोणी नाही. लागत नाही आता."

"मंजी कुनीच इचारलं न्हाई तुज्याबद्दल? कुनाचा ल्योक, कसा हाय?"

"नाही."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटले होते त्यांना अभिमान वाटेल. त्यांच्या स्वरात मला जे ऐकू आले ते अभिमानासारखे नव्हते. माझ्या शाळेतल्या मारामारीची हकीकत ऐकताना त्यांचा आवाज असाच होत असे.

महिनाअखेर आली आणि गेली. एक ऑक्टोबरला नवा संदेश आला: साडेसतरा लाखांपर्यंत. मी तो पुसला, हे खरे. पण आधी दोनदा वाचला, हेही खरे.

दिवाळीच्या रजेत आप्पांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्यात करून घेतली आणि त्यांना भाड्याच्या गाडीने गावी नेले. चाकणला तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे वाहने तुंबली होती. आमच्या डाव्या अंगाला एक पांढरी मर्सिडीज उभी होती. मी आप्पांना ती दाखविली.

"हीच का तुजी?"

"अशीच होती."

त्यांनी काच खाली केली आणि नव्या डोळ्याने ती गाडी चाकांपासून टपापर्यंत निवांत न्याहाळली. घाई कोणालाच नव्हती. पुढचा ट्रक हलत नव्हता.

"ह्येच्यात," ते म्हणाले, "कांद्याच्या गोण्या किती मावत्याल रं?"