कुंपणापाशी उभी माणसे

सामना पाहावयास माणसे का जातात, हे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे जय असतो, पराजय असतो, हजारो कंठांचा एकच घोष असतो, आणि घरी परतताना सांगण्यासारखे काहीतरी गाठीला असते. पण सराव? तेथे गुणफलक कोरा असतो. पंच नसतात, प्रतिस्पर्धी नसतो. जिंकण्यासारखे काही नसते आणि हरण्यासारखेही नसते. असा सराव पाहण्यासाठी थंडीवाऱ्यात तास-दीड तास कठड्याला टेकून उभी राहणारी माणसे नेमके काय पाहतात? २०१८ सालच्या जुलै महिन्यात मेलबर्न शहरी आम्हांस हा प्रश्न पडला. त्याचे जे उत्तर मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

मेलबर्न म्हटले की मराठी माणसास क्रिकेटचे भव्य मैदान आठवते. परंतु हिवाळ्यात ते मैदान दुसऱ्याच एका खेळाचे असते, आणि त्या खेळाचा जन्मही क्रिकेटपटूंच्याच हातून झाला आहे. टॉम विल्स हे त्या काळचे नामांकित क्रिकेटपटू. हिवाळ्यात खेळाडूंची अंगे जड होऊ नयेत म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा, असे त्यांनी १८५८ साली एका वृत्तपत्रास लिहिले. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळाचे नियम कागदावर उतरविले. इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशन १८६३ साली स्थापन झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे वय कळून येते.

मैदान लंबवर्तुळाकार, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू, आणि दोन्ही टोकांस चार-चार उंच खांब. चेंडू अंडाकृती. तो पायाने मारता येतो. पण हाताने फेकण्यास मनाई आहे. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा देऊनच तो सोबत्याकडे धाडावा लागतो. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, आणि नेम चुकून तो बाजूच्या खांबांतून गेला तर एक गुण. थोडक्यात चुकलेल्याच्या पदरीही काहीतरी टाकणारा हा खेळ आम्हांस पाहताक्षणीच आवडला.

या खेळाचे संघ शहराच्या वस्त्यांतून उभे राहिले. कार्लटन, कॉलिंगवूड, रिचमंड, फिट्झरॉय, फुट्सक्रे ही जशी संघांची नावे, तशी ती उपनगरांचीही नावे. प्रत्येक वस्तीचे स्वतःचे मैदान होते. शनिवारी दुपारी माणसे घरातून पायी निघत, सामना पाहत आणि पायीच परतत. पुढे दूरचित्रवाणी आली, पैसा आला, मोठ्या आसनव्यवस्थेची गरज भासू लागली, आणि सामने एकामागून एक मध्यवर्ती क्रीडागारांकडे निघून गेले. नॉर्थ मेलबर्नचे आर्डन स्ट्रीट १९८५ साली सुने झाले, एसेन्डनचे विंडी हिल १९९१ साली, फुट्सक्रेचे मैदान १९९७ साली, कॉलिंगवूडचे व्हिक्टोरिया पार्क १९९९ साली, आणि कार्लटनचे प्रिन्सेस पार्क २००५ साली. सामने गेले, अनेक ठिकाणी मागे उरला तो केवळ सराव.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त मेलबर्नच्या पश्चिम भागात स्थायिक झाला आहे. त्याच्या घरापासून बार्कली स्ट्रीट जवळ. तेथे आपल्याकडील उपाहारगृहांची एवढी दाटी आहे की डोशाचा वास घेत चालताना परदेशात असल्याचा विसर पडावा. त्याच रस्त्याला लागून फुट्सक्रेचे जुने मैदान आहे. आज त्यास व्हिटन ओव्हल म्हणतात. एके सकाळी भाचा म्हणाला, "मामा, आज संघाचा सराव आहे. तिकीट लागत नाही. येता का?" आम्ही स्वेटरावर कोट चढविला व निघालो.

बाहेर टेड व्हिटन यांचा पुतळा आहे. हे फुट्सक्रेचे सर्वश्रेष्ठ खेळाडू. कर्करोगाने त्यांची दृष्टी हिरावून घेतल्यावर १९९५ सालच्या जूनमध्ये त्यांना मोटारीत बसवून मेलबर्नच्या मोठ्या मैदानाभोवती फिरविण्यात आले. त्यांना काही दिसत नव्हते, पण सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवीत होते. दोन महिन्यांनी ते निवर्तले. तेव्हापासून मैदानास त्यांचे नाव आहे.

आत साठ-सत्तर माणसे असावीत. लाल, पांढऱ्या व निळ्या पट्ट्यांचे गळपट्टे घातलेले वृद्ध, बाबागाडी घेऊन आलेल्या तरुण माता, शाळेला सुट्टी असलेली मुले. मैदानावर खेळाडू जोडीजोडीने चेंडू मारीत होते, शिट्टी वाजताच गट बदलीत होते. प्रेक्षक टाळ्या वाजवीत नव्हते. क्वचित कोणी एखाद्यास नावाने हाक मारी आणि तो हात वर करी. इतकेच. त्या वर्षी संघाची कामगिरी यथातथाच होती. हंगामाच्या अखेरीस अठरा संघांत तो तेराव्या स्थानी राहिला. तरीही माणसे आली होती.

आमच्या शेजारी पंचाहत्तरीला टेकलेले एक गृहस्थ उभे होते. भाच्याने "हे फादर आहेत, भारतातून आले आहेत" अशी ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी टोपी किंचित वर केली. त्यांचे इंग्रजी आमच्या सेमिनरीत शिकविलेल्या इंग्रजीहून फारच निराळे. अर्धे आम्हांस कळले, उरलेले भाच्याने मराठीतून सांगितले. आम्ही नवखे म्हणून चेंडूकडे पाहत होतो. त्यांची नजर मात्र पलीकडच्या कडेला एकट्यानेच धावणाऱ्या एका तरुणावर खिळली होती.

"तो दुखापतीतून उठतो आहे," ते म्हणाले. "जे मुख्य गटात सराव करतात ते शनिवारी खेळतील. जे कडेने फेऱ्या मारतात ते खेळणार नाहीत. मागच्या आठवड्यात तो वळताना डाव्या पायावर भार देत नव्हता. आज देतो आहे."

आम्ही पाहिले. खरेच, तो वळताना डावा पाय घट्ट रोवीत होता. सामन्यात हा मुलगा कोणास दिसलाच नसता, कारण तो मैदानावर नसता.

"सामन्यात चेंडू जाईल तिकडे डोळे जातात," वृद्ध गृहस्थ पुढे म्हणाले. "इथे मला हवे त्याच्याकडे पाहता येते. तुम्ही फादर आहात, तुम्हांला ठाऊक असेल. रविवारी सगळेच येतात. मधल्या वारी कोण येते ते पाहावे."

यावर आम्ही काय बोलणार? आम्ही नुसती मान हलविली.

हळूहळू त्यांनी आपली हकीकत सांगितली. १९२५ साली मुख्य स्पर्धेत आलेल्या या संघाने पहिले अजिंक्यपद १९५४ साली पटकाविले. ते तेव्हा दहा वर्षांचे होते; गोदीत काम करणाऱ्या वडिलांचे बोट धरून गेले होते. त्यानंतरचे अजिंक्यपद पाहावयास त्यांना बासष्ट वर्षे थांबावे लागले. पण बोलता बोलता त्यांचा आवाज कापला तो १९५४ च्या आठवणीने नव्हे, की २०१६ च्याही नव्हे. तो कापला १९८९ च्या आठवणीने.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, क्लब कर्जात बुडाल्यामुळे त्याचे फिट्झरॉय संघाशी विलीनीकरण होणार असे जाहीर झाले. वस्ती हादरली. आयरीन चॅटफील्ड नावाच्या एका समर्थक बाईंनी न्यायालयात धाव घेतली आणि सुमारे तीन आठवड्यांची मुदत पदरात पाडून घेतली. पीटर गॉर्डन या वकिलांच्या पुढाकाराने लोक एकवटले. याच मैदानावर सभा भरली. कामगारांच्या त्या वस्तीत माणसे डबे घेऊन दारोदार फिरली, आणि त्या तुटपुंज्या मुदतीत दहा लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. क्लब वाचला. फिट्झरॉयचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते. १९९६ साली पर्थ येथे आपला शेवटचा सामना खेळून तो संघ ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला.

"त्या आठवड्यांत मीही डबा घेऊन फिरलो," गृहस्थ म्हणाले. "त्यानंतर सराव चुकवणे मला जमले नाही. वाटते, आपण आलो नाही तर कोणी म्हणायचे, इथे कोणाला हवे आहे?"

२०१६ साली संघ सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत शिरला, आणि १ ऑक्टोबर रोजी सिडनीच्या संघास ८९ विरुद्ध ६७ गुणांनी हरवून अजिंक्य ठरला. सातव्या स्थानावरून अजिंक्यपद यापूर्वी कोणीच मिळविले नव्हते. त्या आठवड्यातील अखेरच्या सरावास या मैदानावर हजारो माणसे लोटली होती. अंतिम सामन्यानंतरचा एक प्रसंग ऑस्ट्रेलियात सर्वांना ठाऊक आहे. संघनायक बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे एप्रिलपासून खेळू शकले नव्हते. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्यांना व्यासपीठावर बोलावून घेतले आणि स्वतःच्या गळ्यातील पदक काढून त्यांच्या गळ्यात घातले. लाखभर माणसांसमोर झालेली ही गोष्ट आम्हांस मात्र सरावाच्या मैदानावरची वाटते. जो खेळला नाही, जो कडेने फेऱ्या मारीत राहिला, त्याची आठवण ठेवणे ही दृष्टी सामन्यात लाभत नाही. ती रोजच्या सहवासातूनच येते.

सराव संपला. काही खेळाडू कठड्यापाशी आले, मुलांच्या टोप्यांवर सह्या करू लागले. कडेने धावणारा तो तरुणही आला. वृद्ध गृहस्थांनी त्यास सही मागितली नाही. "पाय बरा दिसतो," एवढेच ते म्हणाले. तरुण हसला व म्हणाला, "तुमच्या लक्षात आले होय?"

निघताना आम्हांस समजले की गृहस्थांचे घर विकले गेले आहे. पत्नी वारली, वस्तीत घरांचे भाव गगनाला भिडले, आणि मुलीने क्वीन्सलंडला येऊन राहण्याचा आग्रह धरला. तेथे जाण्यास दोन महिने उरले होते. आम्ही धीर देण्यासाठी म्हणालो, "सामने तर तेथेही दूरचित्रवाणीवर दिसतील." ते मैदानाकडे पाहत म्हणाले, "सामने दिसतील, फादर. हे दिसणार नाही."

या वाक्याचा पुरता अर्थ आम्हांस दोन वर्षांनी उमगला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पहिल्या फेरीनंतरच स्पर्धा थांबली. जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि जुलैत मेलबर्नचे संघ व्हिक्टोरिया राज्य सोडून गेले; त्यांतील बहुतेक क्वीन्सलंडमध्ये राहिले. अंतिम सामनाही ब्रिस्बेन येथे झाला. १८९७ पासून चालत आलेल्या स्पर्धेत तो व्हिक्टोरियाबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ होती. सामने दूरचित्रवाणीवर होतेच. तरी भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, मैदान ओस आहे. लोक फिरायला निघाले की कठड्यापाशी थोडे थांबतात आणि पुढे जातात." जे त्या वृद्धाच्या वाट्यास एकट्याने आले होते, ते आता साऱ्या वस्तीच्या वाट्यास आले. आणि दैवाची गंमत अशी की त्याचा संघ मात्र त्याच्याच नव्या राज्यात जाऊन राहिला होता. सरावाच्या जागी लोकांना मज्जाव होता, ही गोष्ट वेगळी.

सराव हरवलेल्या वस्तीस तो परत मिळावा असे किती वाटते, याचा दाखला सेंट किल्डा संघाने दिला आहे. २०१० साली तो आपले जुने मूराबिन सोडून दूरच्या सीफर्डला सरावास गेला. सामने तर मूराबिनला पूर्वीच बंद झालेले. गेला तो केवळ सराव. तरीही ती पोकळी भरून निघेना, आणि २०१८ साली संघ मूराबिनला परतला.

कोणतीही संस्था मोठी झाली की तिचे सोहळे वस्तीबाहेर जातात, मोठ्या जागी भरतात, आणि ते तसे होणे बहुधा टाळता येत नाही. त्याबद्दल खंत करण्यापेक्षा तिचे रोजचे कष्ट अद्याप कोणाच्या दारी चालतात आणि ते पाहावयास कोण येते, एवढे आपण विचारावे. १९८९ साली फुट्सक्रेला ज्यांनी वाचविले, त्यांच्यापाशी पैसा नव्हता. पण त्या मुलांना घाम गाळताना त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते. ज्यास आपण लंगडताना पाहिले आणि मग हळूहळू नीट चालताना पाहिले, त्याच्यासाठी डबा घेऊन दारोदार फिरणे माणसास जड जात नाही.