आमची पिवळी नॅनो

गेल्या महिन्यात आमच्या नॅनोला पंधरा वर्षं झाली. पुन्हा पासिंग करायचं की भंगारात द्यायची, यावर घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, "मम्मी, काढून टाका आता." हे गप्प.

गाडी येण्याआधी आमच्याकडे एकच स्कूटर. पुढे मुलगा उभा, मागे मी, मांडीवर मुलगी. कात्रज चौकात शेजारून ट्रक गेला की मी डोळे मिटून णमोकार म्हणायचे. असंच एक कुटुंब पावसात भिजत स्कूटरवरून जाताना पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली, हे वाचलं तेव्हा वाटलं, आम्हालाच पाहिलं की काय!

10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती सगळ्यांना दाखवली. किंमत एक लाख (हातात पडेपर्यंत जास्त, ते सोडा). गिरीश वाघ यांच्या टीमने ती घडवली, आणि तीही आपल्या पुण्यात. कारखाना मात्र बंगालमध्ये सिंगूरला होणार होता. तिथे शेतजमिनींवरून आंदोलन पेटलं आणि तो गुजरातमध्ये साणंदला गेला.

लाखात गाडी बसवणं म्हणजे महिनाअखेरचं स्वयंपाकघर चालवणं. पुढे एकच वायपर, चाकाला तीनच नट, 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे. डिकी मागून उघडतच नाही, सीट पाडून पिशव्या आत ढकलायच्या. पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडावं लागतं. पंपावरचा नवा पोरगा हमखास गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचा! पण आत जागा ऐसपैस आणि छत उंच. सासूबाईंना वाकावं लागत नाही.

तरी मला तिची लाज वाटायची. "सगळ्यात स्वस्त" हा शिक्का. पुढे रतन टाटांनीही मान्य केलं की तो गाडीला भोवला. स्कूटरवाल्याला गाडी हवी होती, पण गरिबाची गाडी नको होती. 2018 मध्ये उत्पादन जवळपास थांबलंच.

नात्यातल्या एका लग्नात कार्यालयाच्या दारात मोठमोठ्या गाड्या उभ्या होत्या. मीच यांना म्हटलं, मागच्या गल्लीत लावा. सासूबाईंचे गुडघे तेव्हाही दुखायचे. भरजरी साडी सावरत, माझा हात धरून त्या तेवढं अंतर चालल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र अजून ती गल्ली आठवते.

दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसायला त्या आता तयार नसतात. काल सकाळी टेकडीवरच्या आगम मंदिरात जायचं होतं. काठी टेकत त्या आधीच नॅनोपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हे किल्ली शोधत होते. मी म्हटलं, "आज अगदी दारापर्यंत न्या."