शेजारी आणि नातलग



माझे माहेर परतवाड्याचे. अमरावती जिल्हा, मेळघाटच्या पायथ्याशी. बाजाराच्या दिवशी डोंगरावरून कोरकू बायका उतरायच्या. आमच्याशी मराठी-हिंदीत भाव करायच्या आणि एकमेकींशी कोरकूत बोलायच्या. गावातले लोक तिला ‘जंगली बोली’ म्हणत. मला तेव्हाही तो शब्द आवडत नसे.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे, बहीणही नव्हे. मराठी इंडो-युरोपीय कुळातली, तर कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या मुंडा गटातली. तिच्या सख्ख्या बहिणी संथाळी आणि मुंडारी, दूर झारखंडकडे. दहाला कोरकूत ‘गेल’ म्हणतात, संथाळीतही ‘गेल’च. चाराला संथाळीत ‘पोन’, आणि गंमत म्हणजे व्हिएतनामीत ‘बोन’! आपण कॅब्रामाटाला भाजी आणायला जातो तेव्हा कानावर पडणारी भाषा मेळघाटची लांबची नातलग आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

युरोपातही असेच आहे. स्वीडिशमध्ये दोनला ‘त्वो’, तीनला ‘त्रे’, नऊला ‘नीऊ’. ओळखीचे वाटले ना? कारण स्वीडिश आपल्याच कुळातली. तिच्या शेजारच्या फिनलंडमध्ये मात्र दोन म्हणजे ‘काक्सी’ आणि तीन म्हणजे ‘कोल्मे’. फिनिशचे कूळ उरालिक. तिची सख्खी बहीण एस्टोनियन म्हणते ‘काक्स, कोल्म’. आणि पार हंगेरीत तिची एक दूरची चुलतबहीण आहे. माशाला फिनिशमध्ये ‘काला’, हंगेरियनमध्ये ‘हॉल’. शेजार एकीशी, नाते भलतीशीच!

फिनिशचीच आणखी एक बहीण लॅटव्हियाच्या समुद्रकाठी होती, लिव्होनियन. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या बाई, ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या, २०१३ साली वारल्या. त्याही आपल्या किनाऱ्यावर नव्हे, कॅनडात. आता काही हौशी लोक ती भाषा पुस्तकांवरून शिकतात.

कोरकूची गत अजून तशी नाही. मध्य प्रदेश धरून ती बोलणारे काही लाख लोक आहेत. पण बुलढाण्याकडे, जळगाव जामोदच्या बाजूला, निहाली बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार उरलेत. या निहालीला जगात कोणी नातलगच सापडलेला नाही. शब्द मात्र तिने कोरकूकडून, मराठीकडून, हिंदीकडून पुष्कळ उसने घेतलेत.

केलीव्हिलमध्ये मराठी धाकटी आहे, म्हणून आपण सुटीच्या दिवशी गाड्या काढून मुलांना वर्गाला आणतो, डबे देतो, गृहपाठावरून भांडतो. मेळघाटात मात्र मराठीच थोरली. आश्रमशाळेत पहिलीला आलेल्या कोरकू मुलापुढे फळ्यावर जी भाषा येते ती आपली, त्याची नव्हे. हे सगळे मी घरी सांगत होते, तेव्हा धाकटीने विचारले, “आई, मग त्यांचा कोरकूचा वर्ग कुठे भरतो?”