मक्यात चवळी आणि मेंढरं खुळी!

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसातला मी मुरघासाची पहिली बॅग सोडली आणि वाडगाभर वास सुटला. काय सांगू! ताज्या ताकाचा आंबटपणा आणि त्याच्या मागून काकवीसारखं काहीतरी गुळमट. आबा अंगणातून ओरडले, "काय नासलं रं?" नासलं कुठलं! मूठभर काढून गच्च दाबलं, तर तळवा ओलसर झाला, पण थेंब गळला नाही. मूठ उघडली तसा गोळा सावकाश सुटला. आणि त्यात काय दिसावं? चवळीची शेंग! सप्टेंबरात कापलेली, रंगानं शेवाळी पिवळी झालेली, पण शेंगच. शेजारी मक्याचा दाणा. आमच्या जत तालुक्यात त्या दिवसांत माळावर कुसळसुद्धा धड उरलेलं नसतं आणि माझ्या हातात पावसाळा होता.

घमेलं गव्हाणीत ओतलं. माझ्याकडं माडग्याळ जातीची चोवीस मेंढरं आहेत: उंच पायाची, पोपटासारख्या बाकदार नाकाची आणि तितक्याच चढ्या नाकाची. सगळ्यात थोरली चांदी पुढं आली. तिनं हुंगलं, फुर्र केलं, पाय आपटला आणि चक्क पाठ फिरवली. "मेंढराला लोणचं चारतोय," आबा म्हणाले. त्यांची उभी हयात कळपामागं पायपीट करण्यात गेली, त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी मी वरून मूठभर मक्याचा भरडा भुरभुरला. तिसऱ्या दिवशी चांदीनं ओठानं चाळत चवळीच्या शेंगा तेवढ्या वेचल्या. आणि पाचव्या दिवशी, अहो, माझा हात बॅगेच्या तोंडाला लागायचा अवकाश, चोवीसच्या चोवीस गव्हाणीवर! भांडणं नाहीत, बेंबटणं नाही, नुसता एकसुरी करकर चावण्याचा आवाज. मी तिथंच पाटीवर बसून अर्धा तास ऐकत राहिलो. चहा गार झाला.

मुरघास गाईंचा, असंच सगळे म्हणतात. मेंढराला कडबा, माळ आणि नशीब. मी आदल्या साली शहाणपणा केला होता. द्विदलात प्रथिनं जास्त, मग नुसती चवळीच भरू! भरली. दोन महिन्यांनी उघडली तर आत काळपट, बुळबुळीत, खवट लगदा. हाताचा वास दोन दिवस गेला नाही. सगळी उकिरड्यावर. कारण आता कळलंय आणि ते इतकं साधं आहे की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. हवा कोंडली की वैरणीतले जिवाणू तिच्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, त्या आम्लानं वैरण टिकते. चवळीत साखर थोडी, आणि अंगातली प्रथिनं नि क्षार असे की आम्ल वाढूच देत नाहीत. मक्यात साखर भरपूर, पण प्रथिनं कोरड्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. टिकवायचं काम मक्याचं, दूध आणायचं काम चवळीचं!

वाचता वाचता मला विर्तानेन सापडला आणि त्या रात्री झोप नाही. आर्तुरी विर्तानेन, फिनलंडचा रसायनशास्त्रज्ञ. हिरव्या वैरणीत आम्ल मिसळून तिची आम्लता झटकन वाढवली, तर क्लोव्हरसारख्या द्विदलातली प्रथिनंसुद्धा वाचतात, हे त्यानं दाखवलं. 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते मुख्यतः या वैरण टिकवण्याच्या पद्धतीसाठी. वैरणीला नोबेल! आणि द्विदलाच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र कसा धरतात, यावरही काम याच माणसाचं. मी आबांना उठवून सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि कूस बदलली.

आम्ही बाटलीतलं आम्ल वापरलं नाही. दहा गुंठ्यांत आफ्रिकन टॉल मका, दोन ओळींनंतर एक ओळ वैरणीची चवळी. मक्याचा दाणा दुधाळ अवस्था सोडून पिठाळ व्हायला लागला तेव्हा दोन्ही एकदमच कापलं, एक दिवस सुकवलं आणि कडबाकुट्टीतून बोटाच्या पेरापेक्षा बारीक काढलं. लांब तुकडे मेंढरू निवडून टाकतं आणि बॅगेत नीट दबतही नाहीत. टनाला दहा किलो गुळाचं पाणी शिंपडलं. मग तुडवणं! थरावर थर, मी, धाकटा भाऊ आणि भावकीतल्या दोन वहिन्या, पिंढऱ्या भरून येईपर्यंत. पाचशे किलोच्या नऊ बॅगा झाल्या. पंचेचाळीस दिवसांनी उघडता येतात, पण मी उन्हाळ्यासाठी दम धरला. भाचीनं शाळेतून रंग बदलणारी पट्टी आणली होती, ती रसात बुडवली तर सामू चारच्या आसपास. भाचीपेक्षा मीच जास्त नाचलो.

एका बॅगेला मात्र उंदरानं भोक पाडलं होतं. भोकाभोवती वीतभर पांढरी-निळी बुरशी. तेवढं काढून आणखी हातभर आतलं फेकलं, जीव तुटला तरी फेकलं. बिघडलेल्या मुरघासातून लिस्टेरियोसिस होतो. मेंढरू मान वाकडी करून गोल गोल फिरतं आणि बहुतेक वेळा हातचं जातं. यात कंजुषी नको. आणि मुरघासाचं प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं, आंत्रविषाराची लस आधी टोचून.

मी माणशी, म्हणजे मेंढराशी, दोन किलो देतो. वर थोडा कडबा, आणि आबांच्या हट्टाखातर सकाळचं चरणं चालूच. मेंढी पाच महिने गाभण असते, पण पोटातल्या कोकराची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि आमच्याकडं ते सहा आठवडे नेमके उन्हात येतात. यंदा अकरा व्याल्या. काट्यावर एकही कोकरू तीन किलोच्या खाली नाही. सगळं श्रेय मुरघासाला देणार नाही, यंदा लसीही वेळेवर झाल्या. पण कास हाताला लागते ती खोटं बोलत नाही. गेल्या साली कोकरं रिकामे सड ओढत रात्रभर ओरडायची. यंदा पिऊन गप झोपतात.

मे उजाडलाय, शेवटची बॅग चालू आहे. काल आबाच म्हणाले, "यंदा वीस गुंठं कर." तुम्हीही मेंढरं पाळत असाल तर मृगाची वाट बघू नका. वैरणीच्या चवळीचं बी आत्ताच सांगून ठेवा. गेल्या जूनला मला त्यासाठी तीन दुकानं फिरावी लागली होती.