परभणीचा बातमीदार

मुदखेडला मी बरीच वर्षं तालुका वार्ताहर होतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा दिवसभर शिवारं पालथी घालायचो. गहू आडवा, केळीच्या चिंध्या, गुलाबाच्या कळ्या चिखलात. संध्याकाळी बातमी जायची: किती गावं, किती हेक्टर, पंचनामे कधी. एक म्हातारी तलाठ्याला म्हणाली, "लिवा की साहेब, पर सातबारा दिराच्या नावावर हाय." कसत होती तीच. पंचनाम्यात ती आली नाही, बातमीतही नाही.

त्याच सुमारास आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह वाचला. लोमटे सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. परभणीत राहून 'लोकसत्ता'साठी बातमीदारी करणारे. म्हणजे माझ्याच कामातला माणूस, पूर्णेच्या पलीकडचा. बातमीत ज्यांना एक ओळ मिळते, ती माणसं त्यांच्या लांबलचक कथांमधून ऐसपैस वावरतात. गावातल्या भांडणामागचे हिशेब, जातीची उतरंड, निवडणुकीनं फिरवलेली नाती, सगळं घाई न करता उलगडत जातं. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते असं, की या कथांमधला माणूस कुणाच्या कीवेसाठी उभा केलेला नाही. आमच्या बातम्यांत शेतकरी यायचा तो एकतर मोर्चात, नाहीतर आत्महत्येच्या आकड्यात. इथं तो डावपेच करतो, चुकतो, अडून बसतो, एखाद्याला नडतोसुद्धा.

चीनचे मो यान आपल्या गाओमी परिसरावर वर्षानुवर्षं लिहीत राहिले, 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि शांतोंग प्रांतातला तो मुलूख जगाला ठाऊक झाला. लोमट्यांनीही आपला मुलूख धरून ठेवला. 'आलोक'ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा स्टेशनाजवळच्या हॉटेलात मी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. गुलाबाच्या पाट्या गाडीत चढवायला आलेले दोघं-तिघं थांबून ऐकत होते. परभणीचा माणूस म्हटल्यावर त्यांनी पुस्तक कुठं मिळतं ते विचारलं. मला फार आनंद झाला.

आता नव्यानं बातमीदारीत आलेली पोरं माझ्याकडून लोमट्यांची पुस्तकं नेतात. "सर, बातम्या सांभाळून एवढं लिहायला वेळ कधी मिळतो?" असं विचारतात. मी त्यांच्यासमोर पुस्तकं ओळीनं मांडतो: 'इडा पिडा टळो', मग 'आलोक', आणि कितीतरी वर्षांनी 'तसनस' ही कादंबरी. मधल्या काळात हा माणूस परभणीहून बातम्या पाठवत होता.